व्होल्गापलीकडे, रंगीत चमच्यांच्या मुलखात

रशियाला जाऊन आलेल्या माणसाच्या बॅगेतून हमखास एक 'खोखलोमा' रंगकामाचा काळा-लाल-सोनेरी लाकडी वाडगा नाहीतर चमचा निघतो. तो कुठे बनतो हे विचारलं तर मॉस्कोच्या बाजारातला विक्रेताही खांदे उडवतो. हा माल येतो निझ्नी नोवगोरोद प्रांतातून, व्होल्गाच्या उत्तरेकडच्या जंगलातून. त्या जंगलातही त्याची मूळ गावं कोवेर्निनो नावाच्या तालुक्यात आहेत, आणि तिथे रेल्वे आजही पोचलेली नाही.

सप्टेंबरात आम्ही दोघी तिकडे जाऊन आलो. दोघी म्हणजे मी आणि माझी मोठी नणंद. वन्संनी ऐंशीच्या दशकात पुण्यात रशियन शिकून घेतलं होतं. लोकवाङ्मय गृहात मिळणाऱ्या स्वस्त सोव्हिएत पुस्तकांवर वाढलेली ती पिढी. त्यांचं रशियन व्याकरणशुद्ध, पण चाळीस वर्षांपूर्वीचं. त्या बोलायला लागल्या की तरुण पोरं गालात हसायची आणि म्हाताऱ्या एकदम खूश व्हायच्या. सगळ्या प्रवासात दारं उघडली ती त्या जुन्या रशियनमुळेच.

सोमवार : निझ्नी नोवगोरोद

दिल्लीहून मॉस्को आणि तिथून रेल्वेने चारेक तासांत निझ्नी. यात सांगण्यासारखं काही घडलं नाही.

शहर उंच कड्यावर वसलंय. इथल्या क्रेमलिनच्या, म्हणजे जुन्या किल्ल्याच्या, तटावरून खाली ओका आणि व्होल्गा यांचा संगम दिसतो. नदीच्या या बाजूला कडा, पलीकडे सपाट हिरवा पसारा थेट क्षितिजापर्यंत. त्या पलीकडच्या मुलखाला इथले लोक 'झावोल्झ्ये' म्हणतात. आम्हाला तिकडेच जायचं होतं.

याच घाटावर पंधराव्या शतकात त्वेरचा व्यापारी अफनासी निकितिन शिरवान या कास्पियनकाठच्या राज्याच्या वकिलाची वाट बघत दोन आठवडे थांबला होता. वकील मॉस्कोच्या राजाने दिलेले ससाणे घेऊन आला आणि निकितिन त्याच्यासोबत व्होल्गाने खाली निघाला. अस्त्राखानजवळ लुटला गेला, आणि भटकत भटकत शेवटी आपल्या चौल बंदरात उतरला. पुढे जुन्नरला त्याने पावसाळा काढला. रेवदंड्याच्या शाळेच्या आवारात त्याचं स्मारक आहे. वन्संचं सासर अलिबागचं, त्यामुळे निकितिन त्यांना घरचाच वाटतो. "आमच्या गावाकडे येऊन गेलाय तो," हे वाक्य त्यांनी पुढच्या आठवडाभरात भेटेल त्याला ऐकवलं. रशियात निकितिन शाळेतच शिकवतात, त्यामुळे ते वाक्य कुठेच वाया गेलं नाही.

1817 साली मकार्येवची मोठी जत्रा इथे हलवली गेली आणि निझ्नी साऱ्या रशियाची बाजारपेठ झालं. जंगलातली लाकडी भांडी याच जत्रेतून दूरदूर जायची.

कामाचं : भारतातले व्हिसा, मास्टरकार्ड रशियात अजिबात चालत नाहीत. डॉलर किंवा युरोच्या कोऱ्या, न दुमडलेल्या नोटा न्या आणि शहरातच रूबल करून घ्या, खेड्यात बदलून मिळत नाहीत. भारतीयांना ई-व्हिसा मिळतो, मात्र तो ठरावीक विमानतळांवर आणि नाक्यांवरच चालतो. मुक्कामाची मर्यादा अर्ज करतानाच बघून घ्या. नकाशे आधीच डाउनलोड करून ठेवा, आम्हाला मोबाइल इंटरनेट मधूनच बंद पडलेलं आढळलं.

मंगळवार : सेम्योनोव

सकाळच्या लोकलने सेम्योनोव. अंतर सत्तरेक किलोमीटर. व्होल्गावरचा पूल ओलांडला की शहर संपतं आणि दोन्ही बाजूंना पाइन आणि बर्च सुरू होतात, ते स्टेशन येईपर्यंत संपत नाहीत.

या जंगलात माणसं हौसेने राहायला आली नव्हती. 1650च्या दशकात पॅट्रिआर्क, म्हणजे मुख्य धर्मगुरू, निकोनने रशियन चर्चच्या पूजाविधीत बदल केले. क्रॉस दोन बोटांनी करायचा की तीन, इथपासून वाद पेटला. ज्यांनी जुनी रीत सोडली नाही ते 'जुने श्रद्धावंत' सरकारच्या आणि चर्चच्या हातून छळले गेले आणि केर्झेनेत्स नदीकाठच्या या रानात येऊन लपले. त्यांनी इथे गुप्त मठ उभारले. त्यांच्यात मूर्तिचित्रं रंगवणारे होते, पोथ्या नकलणारे होते. जमीन रेताड आणि थंड, शेतीवर वर्ष निघत नव्हतं. लाकूड मात्र हवं तेवढं. म्हणून घरोघर चमचे, वाडगे, थाळ्या. 1850च्या दशकात सरकारने उरलेसुरले मठही बंद पाडले. ते काम करणाऱ्या एका अधिकाऱ्याने पुढे याच लोकांवर जाडजूड कादंबऱ्या लिहिल्या, हा त्यातला काव्यगत न्याय.

सेम्योनोव चमच्यांचं गाव. संग्रहालयाच्या मागच्या अंगणात एक दाढीवाले काका ठोकळ्यावर बसून चमचा कोरत होते. त्यांनी बर्चचा ओबडधोबड तुकडा घेतला, कुऱ्हाडीने चार घाव घातले आणि दांड्याचा आकार दिसू लागला. मग वाकड्या वाकसाने पोकळ खोदली आणि हुकासारख्या वळणाच्या सुरीने आतून साफ केली. बोलता बोलता हे सगळं झालं, हाताकडे त्यांचं लक्षही नव्हतं. पूर्वी लहान मुलं फक्त तुकडे फोडून द्यायची. चमचा कोरायचा मान वयात आल्यावर.

तिथून कारखाना. सहलीची वेळ आधी फोनवर ठरवावी लागते, ती आमच्या घरमालकिणीने ठरवून दिली होती. मी रशियात पाहिलेल्या गोष्टींत ही फेरी सगळ्यात वरची.

कातारी विभागात कानठळ्या बसतात. लिंडेनचं लाकूड, मऊ आणि पांढरं, कातकामावर फिरतं आणि लांबच लांब सालपट सुटत जातं. कातून झालेल्या कोऱ्या भांड्याला 'बेल्यो' म्हणतात. शेजारच्या खोलीत या बेल्योवर पातळ माती चोपडतात, तिचं नाव 'वापा'. आपल्याकडे कूड सारवतात तसंच ते दिसतं, आणि कारणही तेच, भेगा आणि छिद्रं बुजावीत. लाकूड एरवी सगळं तेल पिऊन टाकेल. मग जवसाच्या तेलाचे हात, एक वाळला की दुसरा. शेवटचा हात थोडा चिकट असतानाच खरी गंमत सुरू होते.

एक बाई मेंढीच्या कातड्याचा बोळा ॲल्युमिनियमच्या भुकटीत बुडवते आणि भांड्यावर घासत जाते. बघता बघता लाकडी वाडगा चांदीचा होतो. खरोखर आरशासारखी चमक. पूर्वी हीच भुकटी कथलाची असायची. सोनं या सगळ्यात कुठेच नाही, कधीच नव्हतं. या चंदेरी अंगावर लाल-काळ्याची नक्षी रंगवतात, वरून वार्निशचे चार-पाच हात देतात आणि भांडी भट्टीत घालतात. भट्टीत वार्निश पिवळट होतं, आणि त्यातून दिसणारी चांदी सोन्याची वाटू लागते. मूर्तिचित्रांवर सोन्याचा खर्च टाळायला रंगाऱ्यांनी हीच युक्ती वापरली होती. तीच या चमच्यांवर आली असं सांगतात.

लाल-काळाच का, हे मला नेहमी वाटायचं. उत्तर भट्टीतच आहे. नाजूक रंग त्या धगीत करपतात किंवा मळतात, शेंदूर आणि काजळी टिकतात. मग त्याच दोन रंगांची शोभा इतकी मुरली की आता तीच ओळख झाली. रंगीत वार्निशं आणि हवे ते रंग मिळणाऱ्या काळातही जुन्या भट्टीला सोडणं त्यांना परवडत नाही, आणि माझ्या मते त्यांनी सोडूही नये.

मात्र्योश्काचा, म्हणजे एकीत एक बसणाऱ्या बाहुल्यांचा, विभाग वेगळा. सगळ्यात आतली, न उघडणारी बाहुली आधी कातायची आणि मग तिच्या मापाने बाहेरच्या. ही बाहुली रशियात 1890च्या दशकात जन्मली, म्हणजे ती वाटते तितकी पुरातन नाही. सेम्योनोवजवळच्या मेरिनोवो गावात ती 1922 साली आली. अर्सेंती मायोरोव नावाचा कातारी निझ्नीहून एक कोरी मात्र्योश्का घेऊन आला, त्याच्या मुलीने ती रंगवली. सेम्योनोवच्या बाहुलीला लाकडावर बटाट्याच्या स्टार्चची खळ देतात, नाहीतर पातळ रंग फुटतो. तिच्या पोटावर मोठाल्या फुलांचा गुच्छ असतो आणि मागची बरीच बाजू कोरी सोडलेली असते.

इथे मला सावंतवाडीची आठवण आली. चितार आळीतले कारागीरही कातावर फिरणाऱ्या लाकडावर लाखेची कांडी टेकवून रंग चढवतात. फरक भट्टीचा. आपली लाख घर्षणाच्या उबेने वितळते, यांचं वार्निश तासन्‌तास भाजलं जातं, म्हणून यांच्या वाडग्यात उकळतं सूप ओततात आणि काही होत नाही.

जेवण स्टेशनजवळच्या साध्या कॅन्टीनमध्ये. कोबीचं सूप 'श्ची', बकव्हीटची लापशी 'काशा', काळा पाव. सगळ्यावर शेपू. श्चीवर शेपू, बटाट्यावर शेपू, काकडीवर शेपू. वन्सं तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "यांना कोथिंबीर माहीतच नाही का गं?"

कामाचं : शाकाहारी असाल तर नुसतं 'मांस नको' म्हणू नका, मटणाच्या रश्शातलं सूप येतं. 'पोस्तनोये' मागा. उपासाच्या काळातलं मांस-दूध-अंडं नसलेलं जेवण, सगळ्यांना कळतं.

बुधवार : कोवेर्निनोकडे

सेम्योनोवहून कोवेर्निनोला सरळ बस मिळेल अशी आमची समजूत होती. स्टँडवर आम्हाला ती मिळाली नाही. तिकीट खिडकीवरच्या बाईंनी निझ्नीला परत जा, तिथून मिळेल असं सांगितलं आणि खिडकी लावून घेतली. आमच्या सेम्योनोवच्या घरमालकिणीने तोवर तिच्या मेहुण्याला फोन केला होता. जुनी लाडा निवा, मागे बटाट्यांची पोती, पुढे आम्ही दोघी.

रस्ता रानातून. सकाळपासून भुरभुर पाऊस आणि अंगात शिरणारा गारठा. रस्त्याच्या कडेला दर दोन-चार किलोमीटरवर म्हाताऱ्या प्लास्टिकच्या बादल्या मांडून बसलेल्या. बादल्यांत अळंबी, क्रॅनबेरी, लिंगनबेरी. मेहुण्याने एकीपाशी गाडी थांबवून घासाघीस केली आणि बादली रिकामी करून घेतली. मग सगळ्या वाटेभर कुठलं अळंबं खारवायचं आणि कुठलं परतायचं यावर व्याख्यान. वन्सं भाषांतर करून दमल्या.

कोवेर्निनो हे ऊझोला नदीवरचं छोटं गाव, तालुक्याचं ठिकाण. क्रांतीआधी हा भाग कोस्त्रोमा प्रांतात होता. पलीकडे आजही कोस्त्रोमाचीच हद्द. लाकडी घरं, कुंपणाआड कोबीचे वाफे, पाच वाजताच पेटलेले दिवे. इथल्या घरमालकीणबाई निवृत्त शिक्षिका. त्यांनी संध्याकाळी ताटात जे वाढलं ते मला अजून आठवतं. खारवलेली पांढरी अळंबी, त्यावर घट्ट आंबट साय आणि कच्च्या कांद्याच्या चकत्या, सोबत उकडलेले गरम बटाटे. एवढंच. अळंबी करकरीत आणि किंचित तिखट, सायीने ती तिखटाई निवते आणि बटाटा दोन्ही सांभाळून घेतो. खारवण्याआधी दोन-तीन दिवस पाणी बदलत भिजत ठेवावी लागतात, नाहीतर कडू आणि पोटाला वाईट.

बाईंची आजी जुन्या श्रद्धावंतांपैकी होती. घरात पाहुण्यासाठी वेगळा वाडगा आणि वेगळा चमचा असायचा, परक्या माणसाने वापरलेलं भांडं घरच्या भांड्यांत मिसळायचं नाही. तंबाखू ओढणारा माणूस ओसरीच्या आत नाही. वन्संनी मान डोलावली आणि मला मराठीत म्हणाल्या, "आपल्या आजेसासूबाईंचं सोवळं काय वेगळं होतं?" पण म्हणूनच घरात भांडी भरपूर लागायची, हे बाईंनी हसत सांगितलं.

रात्री बाईंनी अंगणातली 'बान्या' तापवली. लाकडी खोली, दगडांवर पाणी ओतायचं, वाफ कोंडायची, बर्चच्या पानांच्या जुडीने अंग झोडायचं, आणि मग बाहेर येऊन थंड पाण्याची बादली डोक्यावर. मी दोनदा केलं. वन्संनी पाचदा, वर बाईंना जुडी नीट बांधायला शिकवायला लागल्या.

गुरुवार : खोखलोमा आणि स्योमिनो

ज्या नावाने ही कला जगभर ओळखली जाते ते खोखलोमा गाव बघायला गेलात तर निराश व्हाल. ओला रस्ता, दुतर्फा घरं, एक गाय, दुकान बंद. ज्याच्यासाठी यायचं तसं तिथे काही नाही, आणि मुळात ते रंगाऱ्यांचं गाव नव्हतंच, ते बाजाराचं गाव. आजूबाजूच्या खेड्यांत भांडी बनायची आणि रंगायची, खोखलोमाच्या बाजारात विकली जायची, तिथून निझ्नीच्या जत्रेला. घेणाऱ्यांनी मालाला बाजाराचं नाव दिलं. 1889च्या पॅरिस प्रदर्शनात हा माल गाजला तोही याच नावाने, आणि रंगवणारी खेडी पडद्याआड राहिली. सेम्योनोवला आज पर्यटकांच्या बस येतात, कारण तिथे रेल्वे आहे, मोठा कारखाना आहे, 1916 साली गेओर्गी मात्वेयेव यांनी सुरू केलेली लाकूडकामाची शाळा आहे. कोवेर्निनोच्या वाट्याला फार कोणी येत नाही. मला विचाराल तर सेम्योनोव बघा जरूर, पण हात बघायचे असतील तर पुढे स्योमिनो गावच्या रंगाऱ्यांकडे या.

स्योमिनोत रंगकामाची खोली म्हणजे उंच खिडक्यांची, गरम आणि शांत. बहुतेक साऱ्या बायका. खुर्चीवर बसून वाडगा मांडीवर टेकवलेला, डाव्या हाताने तो फिरवत राहायचा. पुढ्यात पेन्सिल नाही, खडू नाही, आराखडा नाही. खारीच्या केसांचा बारीक ब्रश जवळजवळ उभा धरलेला, करंगळी भांड्यावर टेकलेली.

एका वयस्कर बाईंनी मला बसवून घेतलं. वन्संनी अर्थातच आधी निकितिन आणि चौल सांगून झालं होतं. बाईंनी त्यांना 'हे तर आपल्याकडचंच माणूस' असं काहीतरी म्हणून खुर्ची दिली आणि माझ्याकडे कोरा चंदेरी चमचा सरकवला.

आधी 'क्रिउल', म्हणजे वळत जाणारी मुख्य वेल. सगळं त्यावर ठरतं. भांड्याच्या गोलाईबरोबर ती वळली पाहिजे, मध्ये तुटता कामा नये. मग त्यातून फुटणारी 'त्राव्का', गवताची पाती. टोक हलकेच टेकवायचं, दाबत जायचं म्हणजे पातं रुंद होतं, आणि पुन्हा उचलत न्यायचं म्हणजे शेपटी केसासारखी सुटते. एका दमात. परत त्यावर ब्रश फिरवायचा नाही, दुसरा हात लगेच दिसतो. बाईंच्या हातून पाती पडत होती ती सगळी एकाच वाऱ्याने वाकल्यासारखी एका बाजूला. माझी गवतं चारी दिशांना. "वादळ आलंय तुझ्या कुरणात," बाई म्हणाल्या आणि माझ्या पात्यांना मध्ये मध्ये काळे थेंब देऊन त्यांनी ते वादळ शांत केलं.

बोरांसाठी ब्रश नाही. त्यासाठी 'तिचोक', म्हणजे ठसा. पूर्वी तो वाळलेल्या गोलमटोल अळंब्याचा किंवा गुंडाळलेल्या नमद्याचा असायचा. रंगात बुडवून टेकवला की गोल बोर तयार, वर पिवळ्याच्या दोन बारीक रेघा. रानातल्या बादल्यांत जी लिंगनबेरी पाहिली तीच चमच्यावर.

बाईंनी दोन रीतींमधला फरक दाखवला. एका रीतीत चंदेरी अंग मोकळं सोडून त्यावर लाल-काळी पाती काढतात. दुसऱ्या रीतीत आधी फुलापानांच्या कडा रेखाटून मागची सगळी जमीन काळी किंवा लाल भरून टाकतात, फुलं चंदेरी राहतात आणि भट्टीनंतर सोन्याची होतात. दुसरी श्रीमंत दिसते आणि तिला वेळ खूप लागतो. प्रदर्शनात तीच मांडतात. मला पहिली आवडली. तिच्यात चूक लपवायला जागा नाही, आणि हात काय चीज आहे ते तिच्यातच कळतं. सेम्योनोवची नक्षी जास्त आखीव, शहरी. स्योमिनोची मोकळी, दळदार, रानातल्या झुडपांच्या जवळची.

नवीन मुली येतात का, हे मी विचारलं. येतात, बाई म्हणाल्या, शिकतात, आणि मग निझ्नीला जातात. पगाराबद्दल त्या बोलल्या नाहीत. त्यांच्या वाडग्याची मॉस्कोतल्या दुकानातली किंमत मी सांगितली तेव्हा त्यांनी ती शेजारणीला सांगितली आणि दोघी बराच वेळ हसल्या.

कामाचं : खोटा माल ओळखायचा असेल तर दोन बोरं शेजारी शेजारी बघा. ती तंतोतंत सारखी असतील तर छापील. हातच्या पात्याला सुरुवातीला किंवा मध्ये रंगाचा थर जाड असतो, तो तिरक्या उजेडात दिसतो. भांडं हातात हलकं लागलं पाहिजे. घरी आणल्यावर मायक्रोवेव्ह आणि डिशवॉशरपासून लांब ठेवा, पाण्यात भिजत टाकू नका. एवढं पाळलं तर रोजच्या आमटीला खुशाल वापरा, शोकेससाठी ते बनवलेलंच नाही. कारखान्यांच्या स्वतःच्या दुकानात मॉस्कोपेक्षा बरंच स्वस्त मिळतं.

शुक्रवार-शनिवार : गोरोदेत्स

ऊझोला नदी कोवेर्निनोहून खाली वाहत गोरोदेत्सजवळ व्होल्गाला मिळते, आणि तिच्या काठाने लाकडाची कला बदलत जाते. वर सोनेरी भांडी, खाली घोडे आणि चहा पिणाऱ्या बायका. आम्हीही तिच्या दिशेनेच खाली उतरलो. या वेळी बस वेळेवर आली.

गोरोदेत्स 1152 साली राजा यूरी दोल्गोरूकीने वसवलं असं मानतात. राजा अलेक्सांद्र नेव्स्की तातारांकडून परतताना 1263 मध्ये इथेच वारला. जुना मातीचा तट अजून उभा आहे आणि त्यावर पाइनची झाडं वाढलीत.

पाऊस थांबला होता. शुक्रवारची अख्खी दुपार आम्ही नुसते रस्त्यांवरून माना वर करून फिरलो, कारण इथली घरंच कोरलेली आहेत. छपराखालच्या लांब पट्टीवर जाड पाइनच्या फळीत उठावाची नक्षी : माशाच्या शेपटीची बाई, बाईच्या तोंडाचा पक्षी, आणि सिंह. सिंह कोरणाऱ्यांनी सिंह कधी पाहिलेला नव्हता हे उघड आहे. त्याचं तोंड गावातल्या कुणातरी काकांचं, ओठांवर हसू, आणि शेपटीच्या टोकाला फूल. हे काम आधी व्होल्गावरच्या लाकडी जहाजांवर व्हायचं. एकोणिसाव्या शतकात आगबोटी आल्या, जहाजांची कोरणी संपली, आणि तेच सुतार घरांच्या कपाळपट्ट्यांकडे वळले. एका घराच्या खिडकीतून आजोबांनी आम्हाला बोट दाखवताना पाहिलं आणि बाहेर येऊन आपला सिंह शेजाऱ्याच्या सिंहापेक्षा जुना आहे हे ठासून सांगितलं. शेजारी तेवढ्यात घरात नव्हता हे बरं.

शनिवारी संग्रहालय. इथे बघायचा तो 'दोनेत्स', म्हणजे सूत कातताना बायका ज्या फळीवर बसायच्या ती. एका टोकाला खाच, त्यात लोकरीचा किंवा जवसाच्या तंतूंचा पेळू धरणारा कंगवा खोवायचा. काम संपलं की कंगवा काढून फळी भिंतीला टांगायची, म्हणून ती सजवायची. सुरुवातीला फळीत काळ्या ओकचे तुकडे बसवून घोडेस्वार आणि पक्षी करायचे. ओक वर्षानुवर्षं पाण्याखाली राहून काळा पडलेला. पुढे 1870च्या सुमारास हे जडावकाम रंगांनी खुलवायला लागले, आणि थोड्याच काळात जडाव मागे पडून नुसतं रंगकाम उरलं. खेड्यातल्या बाईच्या बुडाखालच्या फळीवर काय रंगवायचं? तर शहरी मेजवानी. पडदे, घड्याळ, समोवर, टेबलाभोवती बसलेल्या नटलेल्या बायका, दारात काळ्या घोड्यावर तरणाबांड. ज्या घरात हे टांगायचे तिथे त्यातलं फारसं काही नसायचं.

काळा घोडा मात्र मला पक्का लक्षात राहिला. मान कमानदार, एक पाय उचललेला, अंगात एकही छटा नाही. शेवटी पांढऱ्या रंगाच्या बारीक रेघा मारतात, त्यांना 'ओझिव्का' म्हणतात. त्या पडेपर्यंत घोडा नुसता डाग असतो. ख्लेबाइखा गावचे इग्नाती माझिन हे या परंपरेतले मोठे नाव, 1941 साली गेले.

गोरोदेत्सला आलात आणि प्र्यानिक न खाता गेलात असं चालत नाही. मध आणि मसाल्यांचा केक, लाकडी साच्यात दाबून भाजलेला. साचा उलटा कोरावा लागतो, अक्षरंसुद्धा उलटी. पूर्वी लग्नाकार्यासाठी पूदभर वजनाचे, म्हणजे सुमारे 16 किलोचे प्र्यानिक करायचे. आम्ही तळहाताएवढा घेतला. लवंग, दालचिनी, वेलची यांचा वास आल्यावर वन्सं म्हणाल्या, हे मसाले शेवटी आपल्याकडूनच गेले असणार. मी काही बोलले नाही.

कामाचं : गोरोदेत्सहून निझ्नीला बस भरपूर आहेत. एक दिवस जास्त असेल तर सेम्योनोवच्या पूर्वेला स्वेत्लोयार तळं बघा. मंगोल सरदार बातू खानाच्या स्वारीत कितेझ नावाचं शहर त्यात बुडून अदृश्य झालं अशी कथा आहे. जुलैच्या सुरुवातीला तिथे भाविकांची गर्दी होते. आम्हाला ते जमलं नाही. कपडे म्हणाल तर सप्टेंबरातही बूट जलरोधक हवेत, खेड्यातला चिखल घोट्यापर्यंत येतो.

परतायच्या सकाळी बाजाराच्या टोकाला एका माणसाने जुन्या वस्तू मांडल्या होत्या : समोवर, पितळी घंटा, आणि एक काळवंडलेला खराखुरा दोनेत्स, मधोमध अर्धवट पुसलेला घोडा. वन्संचा जीव त्यात अडकला. अर्धा तास घासाघीस झाली, किंमत निम्म्यावर आली, आणि मग मी त्यांना बाजूला घेऊन आठवण करून दिली की जुन्या कलावस्तू रशियाबाहेर न्यायला सरकारी परवानगी लागते, विमानतळावर अडवतात. विक्रेत्यालाही ते माहीत होतं, त्याने फक्त सांगितलं नव्हतं. वन्सं रुसल्या, पण तशाच समोरच्या दुकानात शिरल्या आणि नवा रंगवलेला घेतला, पावतीसकट. नव्या मालाला काही अडचण येत नाही. मात्र दोनेत्स दोन फुटांहून लांब असतो, केबिन बॅगेत बसत नाही, तेव्हा घ्यायचा विचार असेल तर घरून मोठी बॅग न्या.